साहेबांना आपत्ती कक्षात 'आर्मी स्टाइल' आणायची आहे, त्यातलं नेमकं काय उचलावं?

गिट्टीखदान_वाला

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका सरकारी ऑफिसात आहे, कोणतं ते विचारू नका. आपत्ती कक्ष माझ्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून आहे, मूळ टेबल वेगळंच आहे आणि तिथल्या फायली कोणी दुसरा काढत नाही. तर झालं असं की आमचे साहेब मागच्या महिन्यात एका ट्रेनिंगला जाऊन आले, तिथे एका निवृत्त कर्नलसाहेबांचं लेक्चर होतं, आणि तेव्हापासून एकच धोशा, पावसाळ्याच्या आधी आपली कंट्रोल रूम आर्मीसारखी चालली पाहिजे.

सुरुवात होऊन गेली आहे. सकाळी पावणेआठला हजेरी, ग्रुपवर सेल्फी टाकायचा, साहेबांच्या मेसेजखाली 'रॉजर' लिहायचं (खरंच सांगून राहिलो, मस्करी नाही), आणि दारावर 'वॉर रूम' अशी पाटी. आतमध्ये प्रिंटरला टोनर नाही पण पाटी ॲक्रिलिकची आहे.

आता माझं म्हणणं असं की साहेबांचा हेतू चांगला आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण सगळ्यांनी पाहिली, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी घरात शिरली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, तिकडे मोर भवनात बसेस पाण्यात. एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि शेवटी आर्मीसुद्धा बोलवावी लागली. लोक आजही म्हणतात का आर्मीवाले आले तेव्हा जिवात जीव आला. म्हणजे त्यांच्या पद्धतीत काहीतरी आहेच नं. पण ते नेमकं काय आहे? आणि आमच्यासारख्या ऑफिसात, जिथे ५ लिटर डिझेल घ्यायचं तरी नोटशीट चालवावी लागते, तिथे ते चालेल का? फौजेत राहिलेलं किंवा पुराच्या ड्युटीवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. मला पुढच्या आठवड्यात साहेबांना दोन पानांचा प्रस्ताव द्यायचा आहे.

---

रामदासपेठी_रिकामटेकडा

भाऊ, टोनरवाली लाइन वाचून चहा सांडला.

सिरियसली बोलायचं तर मला ही आयडियाच पटत नाही. सरकारात आर्मी स्टाइल म्हणजे खालच्या माणसावर ओरडायचं लायसन, दुसरं काही नाही. कोविडमध्ये पाहिलं नाही का, सगळे 'योद्धे', सगळीकडे 'वॉर रूम', आणि भाजी आणायला निघालेला माणूस जणू शत्रूच, उठाबशा काढायला लावल्या लोकांना रस्त्यावर. पूर आला म्हणजे नागरिकाला वाचवायचं असतं, त्याच्यावर चढाई करायची नसते. आणि आर्मीत हुकूम खालपर्यंत जातो कारण सगळे एकाच साखळीत असतात. शहरात महापालिका वेगळी, कलेक्टर ऑफिस वेगळं, पोलीस वेगळे, सिंचन विभाग वेगळा, वीजवाले वेगळे, मेट्रोवाले वेगळे, नगरसेवक असले तर त्यांचे फोन वेगळे. इथे 'रॉजर' कोण कोणाला म्हणणार?

---

कामठी_रिटायर्ड

गिट्टीखदानवाले भाऊ, मी इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता कामठीतच असतो. तुमच्या साहेबांनी लेक्चर ऐकलं पण बहुतेक जेवणाच्या आधीचं अर्धंच ऐकलं. सेल्फी, रॉजर, पाटी, याच्यातलं काहीच फौज नाही. रामदासपेठी साहेब म्हणतात तसं ओरडणंही फौज नाही, ओरडणं ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरुटासाठी असतं, खऱ्या ऑपरेशनमध्ये जो कमांडर ओरडून राहिला त्याची माणसं त्याच्यापासून बातमी लपवतात.

काय असतं ते सांगतो. कोणतंही काम असो, आधी ओ ग्रुप होतो, म्हणजे ज्यांना काम करायचं आहे तेवढेच लोक कमांडरभोवती बसतात. जमिनीवर मातीचं मॉडेल बनवलेलं असतं, सँड मॉडेल म्हणतो आम्ही, नाला कुठे, पूल कुठे, उंच जागा कुठे, चुना-विटांचे तुकडे-दोरा वापरून. मग ऑर्डर ठरलेल्या क्रमानेच येते: परिस्थिती काय, मिशन काय, कसं करायचं, रसद कुठून, आणि कमांड कोणाकडे व बोलणं कसं होणार. मिशन दोनदा वाचतात. मुद्दाम. आणि शेवटी विचारतात, "कोई शक?" कोणी नाही म्हटलं तरी कमांडर सोडत नाही, मागे बसलेल्या एखाद्या नायक रँकच्या जवानाला उभं करतो, बोल तुझं काम काय. तो अडखळला तर चूक त्याची धरत नाहीत, सांगणाऱ्याची धरतात.

आता यातला खरा माल कुठे आहे? मिशनमध्ये. फक्त काय करायचं ते नाही सांगत, कशासाठी करायचं ते सांगतात. कारण रेडिओ बंद पडणार, नकाशा चुकणार, कमांडरला गोळी लागू शकते. तेव्हा खालच्या माणसाला हेतू माहीत असला तर तो स्वतःच्या अकलेनं काम पुढे नेतो. 'अमुक पुलावर जाऊन उभे राहा' असं म्हटलं आणि पूल वाहून गेला, तर माणूस काठावर उभाच राहील. 'त्या पुलावरून कोणतीही गाडी पाण्यात जाऊ नये म्हणून उभे राहा' म्हटलं तर तो अर्धा किलोमीटर मागे येऊन चौकातच रस्ता बंद करेल. एवढाच फरक आहे, पण माणसं याच फरकात जगतात-मरतात.

तुमच्या ऑफिसात उद्या पाणी चढलं आणि फोन लागेनासे झाले तर तुमचा सगळ्यात ज्युनियर माणूस काय करेल, हे त्याला आज विचारून पाहा. उत्तर "साहेबांना विचारून सांगतो" असं आलं तर पाटी काढून ठेवा.

---

नायब_ताई

सुभेदार साहेबांना नमस्कार, अगदी बरोबर बोललात. मी महसूल विभागात आहे. आता थोडं कडू सांगते कारण प्रस्तावात हे आलं नाही तर प्रस्तावाला अर्थ नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला होता तो आठवत असेल, वरून मध्य प्रदेशातून संजय सरोवरचं पाणी, इकडे गोसीखुर्दचे दरवाजे उघडलेले, भंडारा-गडचिरोली-ब्रह्मपुरीकडे गावंच्या गावं पाण्यात. मी तेव्हा नदीकाठच्या एका तालुक्यात होते. रात्रीची वेळ, एका गावात पाणी चढायला लागलं, आमचा तलाठी आणि कोतवाल तिथे होते, पोलीस पाटील सोबत. गावात उंचावर एकच पक्की इमारत, शाळा. किल्ली हेडमास्तरांकडे, हेडमास्तर राहतात तालुक्याला, फोन लागेना. तलाठ्याने कोणालाही न विचारता दगडाने कुलूप फोडलं, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, दोन बाळंतिणी आत नेल्या, शाळेच्याच पोषण आहाराच्या तांदळाची खिचडी टाकली. सुभेदार साहेब म्हणतात तसंच, हेतू माहीत होता, अक्कल वापरली.

पुढचं ऐका. पाणी ओसरल्यावर त्या पोराला कागद आला, खुलासा सादर करा. कुलूप कोणाच्या आदेशाने फोडलं, तांदूळ किती किलो वापरला, त्याची नोंद कुठे आहे. आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी लेखी द्यायला कां-कूं केली. शेवटी ते प्रकरण मिटलं, पण तालुक्यातल्या बाकी तलाठ्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी कुलूप कोण फोडेल?

म्हणून मला वाटतं की आर्मीकडून शिकायचं असेल तर खालच्यांनी नंतर शिकावं, वरच्यांनी आधी शिकावं. कमांडर म्हणतो 'तू कर, जबाबदारी माझी', आणि नंतर खरंच ती घेतो. आमच्याकडे 'तू कर' इतकंच ऐकू येतं, पुढचं वाक्य नेटवर्कमध्ये कट होतं.

---

आपत्ती_अभ्यासक

नायब ताई, तुमच्या तलाठ्यासाठी कायद्यात जागा आहे, दुर्दैवाने कोणी वापरत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ काढून बघा. कलम ३४ मध्ये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला अधिकार दिलेत, कलम ६५ मध्ये जागा, वाहनं, साधनं अधिग्रहित करता येतात, कलम ७३ मध्ये सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण आहे. आणि गिट्टीखदान भाऊंच्या डिझेलसाठी कलम ५०: प्राधिकरणाला तातडीची खरेदी गरजेची वाटली तर संबंधित विभागाला तसं प्राधिकृत करता येतं, तेव्हा टेंडरची नेहमीची पद्धत माफ समजली जाते आणि अधिकृत अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्रच व्हाउचर म्हणून चालतं. म्हणजे हत्यार कपाटात आहे, गोम 'प्राधिकृत करणं' या शब्दांत आहे. ते पूर आल्यावर नाही करायचं, एप्रिल-मे मध्ये नाव आणि पदनामासकट लेखी आदेश काढून ठेवायचा: अमुक पातळीला पाणी गेलं की अमुक पदावरच्या माणसाला अमुक रकमेपर्यंत खर्च, शाळा-सभागृह उघडणं आणि खाजगी ट्रॅक्टर-बोटी ताब्यात घेणं याचे अधिकार आपोआप सुरू. फौजेत ज्याला मिशन कमांड म्हणतात (हेतू सांगायचा, कसं करायचं ते खालच्यावर सोडायचं) त्याचा सरकारी अवतार म्हणजे हा कागद. कागदाशिवाय आपल्याकडे हेतू पोचत नाही, हे मान्य करून चालू या.

रामदासपेठी साहेबांचा मुद्दा, एक साखळी नसते, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि जगभर लोक त्यावरच आपटलेत. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये राज्याचे नॅशनल गार्ड गव्हर्नरच्या हाताखाली आणि केंद्राची फौज वेगळी, दोन साखळ्या शेवटपर्यंत दोनच राहिल्या. तिथे दोन लष्करी माणसं बघण्यासारखी आहेत. एक, लेफ्टनंट जनरल रसेल ऑनोरे, रस्त्यावर फिरून स्वतःच्याच सैनिकांना बंदुका खाली करा म्हणून दटावत होते, कारण समोर पूरग्रस्त होते, शत्रू नव्हता (रामदासपेठी, हे तुमच्या उठाबशांसाठी). दुसरे कोस्ट गार्डचे थॅड ॲलन. त्यांना हुकूम देण्याचा अधिकार फार थोड्यांवर होता, तरी सगळ्या खात्यांच्या जमलेल्या लोकांना त्यांनी एकच सूत्र दिलं, की वादळग्रस्त माणसाशी तुमच्या घरच्या माणसासारखं वागा. त्यात काही जास्त झालं तर झालं, आणि त्यावर कोणाला आक्षेप असेल तर त्याचं भांडण तुमच्याशी नाही, माझ्याशी. नायब ताईंचं कट झालेलं वाक्य ते हेच.

आपल्याकडे याचं भारतीय रूप आधीपासून आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने (एनडीएमए) जुलै २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमच्या, म्हणजे आपत्तीत कोण कोणाच्या हाताखाली काय करणार याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. ती मूळ कॅलिफोर्नियात १९७० च्या वणव्यांनंतर तयार झालेल्या पद्धतीवरून घेतली. गंमत अशी की तिथेही अडचण लष्कराची नव्हती, वेगवेगळ्या अग्निशमन दलांची भाषा आणि पदं एकमेकांशी जुळत नव्हती ही होती. तिचं मुख्य सूत्र, एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच, फार तर सात माणसं, आणि प्रत्येकाला एकच साहेब. तुमच्या व्हाट्सअप ग्रुपवर किती मेंबर आहेत?

---

गिट्टीखदान_वाला

@आपत्ती_अभ्यासक दोनशेच्या वर. त्यात 'शुभ सकाळ' टाकणारे पण आहेत.

---

नाइट_ड्युटी

मी स्टाफ नर्स आहे, शहरातल्याच एका हॉस्पिटलात. फौजेचा आणि माझा संबंध नाही पण एक गोष्ट आम्ही नकळत त्यांचीच करत होतो असं नंतर कळलं म्हणून लिहिते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या शहरात काय हालत होती सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वॉर्डात ज्या सिस्टर इन्चार्ज होत्या त्यांनी शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटं उभ्याउभ्याच बोलायचं ठरवलं. डॉक्टर, नर्स, मावशी, ऑक्सिजन ओढणारा मामा, सगळे. त्या चारच गोष्टी विचारायच्या: आज काय होणं अपेक्षित होतं, काय झालं, फरक का पडला, उद्या काय बदलायचं. नावं घ्यायची नाहीत हा नियम, कोण चुकलं ते नाही, काय चुकलं तेवढंच. पहिले काही दिवस कोणी तोंड उघडलं नाही. मग मामा बोलला की सिलिंडर बदलायचा पाना एकच आहे आणि तो दुसऱ्या मजल्यावर असतो, म्हणून रात्री उशीर होतो. इतके दिवस वरच्या मीटिंगांमध्ये टँकर, प्लांट, कोटा असं मोठंमोठं चालू होतं आणि खाली अडलं होतं पान्यावर. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर पाना दोरीने बांधून ठेवला.

माझा भाऊ म्हणाला की याला आर्मीत आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू म्हणतात. म्हणत असतील. मला इतकंच माहीत आहे की डीन साहेबांच्या मीटिंगला मामाला खुर्ची नव्हती.

---

कामठी_रिटायर्ड

सिस्टर, सलाम तुमच्या इन्चार्ज बाईंना. बरोबर तेच चार प्रश्न. अमेरिकन फौजेनं ते आपल्या ट्रेनिंग सेंटरवर घासून घासून पक्के केले, आपल्याकडेही एक्सरसाइज झाली की डीब्रीफ होतं. खोटं नाही बोलणार, फौजेतही जिथे सीओ साहेब (कमांडिंग ऑफिसर) तापट असतात तिथे जवान 'सब ठीक है साब' म्हणून मोकळे होतात. पद्धत चांगली असून भागत नाही, पहिलं स्वतःचं चुकलेलं सगळ्यात सिनियर माणसानं बोलावं लागतं, मग बाकीच्यांची जीभ सुटते.

---

रामदासपेठी_रिकामटेकडा

ठीक आहे, अर्धा पटलो. पण मी वकिलीत आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. तुम्ही 'काय चुकलं' हे इतिवृत्तात लिहिलं की ते माहिती अधिकारात बाहेर येणार, उद्या जनहित याचिकेत जोडलं जाणार, परवा विभागीय चौकशीत पुरावा म्हणून येणार. अंबाझरीच्या पुरानंतर प्रकरण हायकोर्टात गेलंच नं, आणि गेलंच पाहिजे होतं, लोकांचे संसार बुडाले, विचारायचा हक्क आहे त्यांना. फौजेत डीब्रीफ चार भिंतींत राहतं. सार्वजनिक कामात तसं दडवता येत नाही आणि दडवू नये. मग सरकारी माणूस खरं बोलेल कसा?

---

आपत्ती_अभ्यासक

@रामदासपेठी_रिकामटेकडा खरा पेच हाच आहे, आणि याला सोपं उत्तर नाही. मला सुचतं ते असं: दोन कामं वेगळी ठेवायची. जबाबदारी कोणाची याची चौकशी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी. आणि घटनेनंतर ४८ तासांत होणारी चर्चा फक्त यंत्रणेबद्दल, त्याचं आउटपुट एका पानाची सुधारणांची यादी, म्हणजे कोण कुठे कमी पडला याऐवजी 'प्रत्येक मजल्यावर पाना' असं. ती यादी तर उलट स्वतःहून वेबसाइटवर टाकावी. यादी प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी तीच यादी पुन्हा आली, तर तेव्हा तुम्ही वकील लोकांनी जरूर झोडपावं.

लष्करी माणूस बाहेरून येऊन सार्वजनिक काम नीट झाल्याचं एक अलीकडचं उदाहरण म्हणजे पोर्तुगाल. कोविड लसीकरणाच्या टास्क फोर्सचे आधीचे प्रमुख राजीनामा देऊन गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हाइस ॲडमिरल गौव्हेया इ मेलो या पाणबुडीवाल्या अधिकाऱ्याकडे सूत्रं दिली. रोज कॉम्बॅट ड्रेसमध्ये दिसायचे, त्यावरून वादही झाले. पण त्यांनी आरोग्यसेवेला हुकूम सोडले नाहीत, लस टोचणारे तिथले नेहमीचेच लोक, यांनी लॉजिस्टिक्स, आकडेमोड आणि रांगा तेवढ्या हातात घेतल्या. ऑक्टोबर २०२१ पर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांचं लसीकरण पूर्ण. आणि मला सर्वात आवडलेला भाग, काम संपलं तसं टास्क फोर्स गुंडाळलं. आपल्याकडे तात्पुरता कक्ष उघडला की त्याला स्टाफ, गाडी, लेटरहेड मिळतं आणि तो सेवानिवृत्तीपर्यंत चालतो.

पण लष्कराशिवाय पण होतं हेही प्रस्तावात लिहा. ओडिशात १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं तेव्हा आधीच दहा लाखांच्या घरात लोक हलवले होते आणि मृत्यू काही डझनांत राहिले. मधल्या काळात त्यांनी निवारे बांधले, गावपातळीवर कोण कोणाला हलवणार ते ठरवलं, दरवर्षी सराव केला. बहुतांश युनिफॉर्मशिवाय, गावपातळीवरच्या लोकांच्याच जोरावर.

---

नायब_ताई

सराव हा शब्द आला म्हणून. आमच्याकडे मॉक ड्रिल म्हणजे काय तर अकरा वाजता सायरन, सव्वाअकराला स्ट्रेचरवर एक शिपाई, साडेअकराला फोटो आणि समोसे. ड्रिल कधी आहे हे सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत. रात्री दोनला, पावसात, लाइट घालवून एकदा करून बघा. आणि सुभेदार साहेब, एक शंका, बदल्यांचं काय? आमच्याकडे २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं, माणूस शिकला की गेला.

---

कामठी_रिटायर्ड

ताई, फौजेतही अफसर दोन-तीन वर्षांनी बदलतोच, काही वेगळं नाही. फरक हँडिंग-टेकिंग ओव्हरमध्ये आहे. जुना आणि नवा सोबत फिरतात, प्रत्येक पोस्ट पायी बघतात, एकेक सामान मोजतात, सही होते, मगच जुना निघतो. तुमच्याकडे बहुतेक एकतर्फी कार्यमुक्त, चार्ज रिपोर्टवर सही, आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे. नवीन माणूस येतो तेव्हा नाला कुठून फुटतो हे फक्त त्या शिपायालाच माहीत असतं. त्याला तरी विचारा.

आणि टू आय सी, म्हणजे सेकंड इन कमांड. प्रत्येक जागेवर दुसरा माणूस ठरलेला पाहिजे, पहिला आजारी, सुट्टीवर, पाण्यात अडकला तरी काम थांबायला नको. 'साहेब नॉट रिचेबल आहेत' हे कारण फौजेत चालत नाही.

---

इमामवाडा_एक्स्प्रेस

सगळे अमेरिका पोर्तुगाल करून राहिले, अरे बाप्पा, आपल्या गावातलंच बघा नं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंनी लोक येतात. समता सैनिक दलाची पोरंपोरी उभी असतात, ना पगार ना रँकचा रुबाब, एका शिटीवर रांग सरकते. मी स्वतः कॉलेजात असताना तिथे पाणीवाटपाला उभा राहिलो आहे. आम्हाला सांगितलेलं इतकंच की लहान लेकरू आणि म्हातारं माणूस रांगेत ताटकळलं नाही पाहिजे, बाकी तुम्ही पाहा. तुमचं मिशन का काय ते हेच झालं नं. आपत्ती कक्षाने असल्या लोकांना आधीपासून धरलं पाहिजे, मोहल्ल्यातली गणेश मंडळं, दर्ग्याचे खिदमतगार, गुरुद्वाऱ्यातले लंगरवाले, सगळे. पूर आला की पहिला तास शेजारीच असतो, बोट नंतर येते.

आणि अजून एक. त्या २०२३ च्या पुरात मूकबधिर विद्यालयातली मुलंही बाहेर काढावी लागली होती. आता भोंगा वाजवून, लाउडस्पीकरवर ओरडून त्यांना कळणार होतं का? नदीकाठी कोण ऐकू शकत नाही, कोण चालू शकत नाही, कोण डायलिसिसवर आहे ही यादी कोणाकडे आहे? आशाताईकडे असेल. वॉर रूममध्ये नसेल.

---

गिट्टीखदान_वाला

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रस्तावाचा कच्चा आराखडा मनात असा झाला आहे, काही राहिलं असेल तर सांगा.

सेल्फी आणि रॉजर बंद करा असं लिहायची माझी हिंमत नाही, ते साहेबांना तोंडी, मूड बघून. लेखी हे टाकतो: पावसाळ्याआधी पदनामासह अधिकार देणारा आदेश (कलम ५० आणि ३४ चा उल्लेख करून, ही लाइन अभ्यासक साहेबांचीच उचलली), त्यात नायब ताईंच्या कुलपाचा मुद्दा स्पष्ट शब्दात, की शाळा-समाजभवन उघडायला नंतर खुलासा मागितला जाणार नाही. आदेशाच्या वर दोन ओळीत हेतू, मी असा लिहिला आहे: 'पाणी चढू लागल्यापासून दोन तासांत तळमजल्यावरचं प्रत्येक अंथरुणाला खिळलेलं, वृद्ध, अपंग माणूस आणि लहान मूल वर किंवा बाहेर. सामान, गाड्या, पंचनामे त्यानंतर.' मोठा ग्रुप राहू द्यायचा पण कामाचे वेगळे छोटे ग्रुप, सहा-सात जणांचे, आणि दर दोन तासांनी ठरलेल्या फॉरमॅटमध्ये चार ओळींचा सिटरेप (परिस्थितीचा अहवाल), फोटोंचा मारा नाही. प्रत्येक जागेला दुसरा माणूस. रात्रीचं एक ड्रिल, तारीख न सांगता. आणि घटनेनंतर ४८ तासांत उभ्याउभ्याची चर्चा, ड्रायव्हर आणि सफाई कामगारांसकट, तिची एक पानाची यादी जाहीर.

आशाताईंकडची यादी मागवायला आजच पत्र टाकतो.

आपत्ती कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीमुळे मोठ्या शहरांना महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं शहरी आपत्ती प्राधिकरण येणार, तर मग आदेश कोणाच्या सहीने काढायचा, जिल्ह्याच्या की शहराच्या? यावर आमच्याकडे आत्तापासूनच दोन गट पडलेत.

---

आपत्ती_अभ्यासक

तुमच्याकडे शहरी प्राधिकरण प्रत्यक्ष स्थापन होऊन काम सुरू झालं असेल तर त्याच्या, नाहीतर या पावसाळ्यापुरतं जिल्हा प्राधिकरणाच्या सहीने. दोघांची मिळून एक संयुक्त सही झाली तर उत्तमच, पण त्या नादात जून उजाडू देऊ नका. आणि आदेशाची भाषा सोपी ठेवा, 'सदरहू', 'उपरोक्त' काढून टाका, रात्री टॉर्चच्या उजेडात वाचायचा आहे.

---

नायब_ताई

हेतूच्या ओळी छान आहेत. 'अंथरुणाला खिळलेलं' च्या पुढे 'गरोदर' टाका.

---

कामठी_रिटायर्ड

भाऊ, आराखडा ठीक आहे. जनावरांचं काय? नदीकाठी म्हशीवाले आहेत, म्हैस सोडून माणूस घराबाहेर निघत नाही, हे गावात शंभरदा पाहिलं आहे. म्हैस कुठे बांधायची ते आधी ठरवा, माणूस आपोआप येतो.

बाकी प्रस्ताव देण्याआधी एक काम करा. बोटीचं इंजिन, जनरेटर, पंप जिथे ठेवलेत तिथे जाऊन स्वतः चालू करून बघा, कागदावरच्या 'सुस्थितीत' वर जाऊ नका. आणि डिझेल ज्याच्या सहीने निघतं त्याला एकदा रात्री दोनला फोन लावा. उचलतो का, आणि उचलून काय बोलतो, दोन्ही लिहून ठेवा.

---

गिट्टीखदान_वाला

म्हशींचं डोक्यातच नव्हतं, टाकतो. फोन आज रात्री लावतो. डिझेलची सही साहेबांचीच असते :)